अंतरपाटाची जाडी
(प्रस्तावना)

माझ्या मावसबहिणीच्या लग्नातला एक फसलेला फोटो मी अजून जपून ठेवला आहे. हौसेनं नवी ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घेतली होती आणि ती कॅमेऱ्यावरून उतरत नव्हती. वधूच्या मागे, मामा आणि करवली यांच्यामधल्या फटीत मी स्वतःला कोंबून घेतलं होतं. अंतरपाट दूर होताक्षणी नवरीच्या खांद्यावरून नवरदेवाचा चेहरा टिपायचा, असा बेत होता. पाटावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. कॅमेऱ्यानं त्याच्यावर फोकस धरला आणि मी बटण अर्धं दाबून वाट बघत राहिलो. शेवटची मंगलाष्टका संपली, वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या, पाट सरकला आणि मी बटण पूर्ण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर फोटो झकास दिसला. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठा केला, तेव्हा नवरदेवाचे डोळे, मुंडावळ्या, कपाळावरचा टिळा, सगळं धुक्यात. सबंध फोटोत स्पष्ट होते ते हवेत तरंगणारे तांदळाचे तीन दाणे. क्षणापूर्वी जिथे अंतरपाट होता, बरोबर तिथे. पाट निघून गेला होता, फोकस मात्र त्याच्या जागी उभा होता.

त्या तीन दाण्यांनी मला जे शिकवलं, ते तोवर वाचलेल्या कुठल्याही कोष्टकानं शिकवलं नव्हतं. लेन्स एका वेळी एकाच अंतरावर नेमका फोकस धरते. ते अंतर म्हणजे कॅमेऱ्यासमोर, त्याच्या छातीला समांतर धरलेला एक न दिसणारा अंतरपाट. फोकसची रिंग फिरवली की हा पाट पुढेमागे सरकतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, बदललं की त्याची जाडी बदलते. एफ/१.८ ला तो मलमलीचा असतो, एफ/१६ ला गोधडीसारखा जाड होतो. त्या जाडीत जे सापडेल ते स्पष्ट, बाहेर राहील ते अंतरानुसार कमीजास्त धूसर. या जाडीलाच छायाचित्रणात डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. पुस्तकाचा विषय एवढाच आहे, आणि तो एका प्रकरणात संपत नाही, याचं कारण या जाडीची किंमत दर वेळी वेगळ्या नाण्यात मोजावी लागते.

आधी आकड्यांची भीती घालवू. ‘आकडा लहान म्हणजे छिद्र मोठं’ हे वाक्य वर्गात सांगितलं की निम्मे चेहरे गोंधळतात. खरं तर मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला हे सगळ्यांत सोपं जायला हवं. एफ/८ हे ‘एफ छेद आठ’ असं वाचा. एफ म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर, आणि त्याचा आठवा भाग म्हणजे समोरून पाहिल्यावर दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचं छिद्र, एफ/८ म्हणजे जेमतेम सव्वासहा मिलिमीटरचं. एक छेद दोन भाकरी ही एक छेद आठ भाकरीपेक्षा मोठी, हे तिसरीतल्या मुलालाही कळतं. गणितातल्या अपूर्णांकाच्या खालच्या अंकाला आणि भोकालाही आपण ‘छेद’च म्हणतो, हा भाषेनं सहज करून ठेवलेला विनोद लक्षात ठेवला, तर पुन्हा कधी गल्लत होणार नाही.

मग १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही विचित्र मालिका. तिचं गुपित दोनच्या वर्गमुळात आहे. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट आहे. व्यास १.४ पटीनं घटला की छिद्राचं क्षेत्रफळ निम्मं होतं, आणि आत येणारा प्रकाशही निम्मा. या प्रत्येक पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. १८५८ मध्ये जॉन वॉटरहाऊस या इंग्रजानं वेगवेगळ्या मापांची भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या लेन्सच्या नळीत खाचेतून सरकवायची युक्ती काढली. आज तेच काम लेन्सच्या पोटातल्या पाकळ्या करतात. जुनी मॅन्युअल लेन्स हाती लागली, तर तिची ॲपर्चरची रिंग फिरवून समोरून आत बघा. पाच, सात, नऊ पाकळ्या फुलासारख्या मिटतात आणि उघडतात. रात्रीच्या फोटोत मागच्या दिव्यांच्या माळा कधी गोल चकत्या, तर कधी सप्तकोन होऊन उमटतात. तो आकार दिव्यांचा नसतो, या पाकळ्यांचा असतो.

छिद्र लहान केल्यानं पाट जाड का होतो, याचं उत्तर आपले डोळे रोज देतात. चष्मा घरी विसरलेला माणूस लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचताना डोळे बारीक करतो. कुणी शिकवलेलं नसतं, पण अक्षरं थोडी सुधारतात. एखाद्या बिंदूपासून निघालेला प्रकाश लेन्सच्या पूर्ण उघड्या तोंडातून आत शिरतो आणि शंकूसारखा निमुळता होत एका टोकाला मिळतो. ते टोक बरोबर सेन्सरवर पडलं तर बिंदूचा बिंदू उमटतो. पुढे किंवा मागे पडलं, तर सेन्सरवर शंकूचा काप पडतो, म्हणजे बिंदूऐवजी चकती. छिद्र मोठं तर शंकू लठ्ठ आणि चकती मोठी. छिद्र लहान तर शंकू सडपातळ, आणि टोक चुकलं तरी चकती इतकी बारीक की डोळा तिला बिंदूच समजतो. झाडाखालच्या सावलीत पानांच्या फटींतून उतरलेले प्रकाशाचे गोल हा याच तत्त्वाचा खेळ आहे. ते गोल सूर्याच्या प्रतिमाच असतात. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास ग्रहण दिसलं, तेव्हा ज्यांनी आकाशाऐवजी झाडाखालच्या जमिनीकडे पाहिलं, त्यांना तिथे शेकडो चंद्रकोरी सांडलेल्या दिसल्या.

‘डोळा बिंदू समजतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्पष्ट आणि अस्पष्ट यांच्यात निसर्गानं कुठेही रेघ मारलेली नाही, ती आपल्या नजरेनं मारली आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या किंवा फुल-फ्रेम सेन्सरच्या चौकटीत सुमारे ०.०३ मिलिमीटरची चकती बिंदू म्हणून चालवून घ्यायची, असा जुना संकेत आहे. ती चौकट साधारण आठ बाय बारा इंचांपर्यंत मोठी केली आणि हातभर अंतरावरून पाहिली, तर खपून जाते. म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड ही केवळ लेन्सची गोष्ट राहत नाही, फोटो केवढा करून किती जवळून पाहणार, याचीही होते. व्हॉट्सॲपच्या डीपीत लख्ख दिसणारा चेहरा अल्बमच्या पानावर मऊ का पडतो, आणि माझा नवरदेव कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला का फसवून गेला, ते इथे कळतं.

आता त्या मांडवातलं गणित मांडतो. पाट माझ्यापासून दीड मीटरवर होता. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्स, एफ/१.८ आणि दीड मीटर अंतर असं असेल, तर स्पष्टतेचा पट्टा सुमारे दहा सेंटिमीटर जाडीचा मिळतो. पाच सेंटिमीटर पुढे, पाच मागे. नवरदेवाचा चेहरा पाटामागे अर्धा मीटर होता. मी एफ/८ वर असतो आणि फोकस पाटाच्या पाव मीटर मागे धरला असता, तर पट्टा दीड मीटरपासून दोन मीटरच्या थोडा पुढे गेला असता. तांदूळही स्पष्ट, नवरदेवही स्पष्ट. हे वाचून ‘मग एफ/८ च ठेवायचं ना’ असं वाटणं साहजिक आहे. पण एफ/१.८ वरून एफ/८ वर जाताना प्रकाश सुमारे वीसपट घटतो. शटर सेकंदाच्या २५० व्या भागावर होतं, ते बाराव्या भागावर आणावं लागलं असतं, आणि मग त्या तीन दाण्यांच्या पांढऱ्या रेघा झाल्या असत्या. किंवा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ४०० वरून ८००० वर न्यावा लागला असता, आणि शालूच्या जरीवर दाणेदार खर पसरली असती. जाडी फुकट मिळत नाही. ती प्रकाश देऊन, नाहीतर वेळ देऊन, नाहीतर खर सोसून विकत घ्यावी लागते. यातलं काय परवडेल हे ठरवण्यालाच मी छायाचित्रकाराचं डोकं म्हणतो.

जाडी ठरवणारे आणखी दोन हात आहेत, आणि नवशिके त्यांना हमखास विसरतात. पहिला अंतराचा. त्याच ५० मिलिमीटर लेन्सवर एफ/१.८ ला एक मीटरवर पट्टा सुमारे चार सेंटिमीटरचा असतो, दोन मीटरवर सतरा, चार मीटरवर सत्तर. अंतर दुप्पट केलं की जाडी जवळपास चौपट. ग्रुप फोटोत मागची रांग धूसर येत असेल, तर छिद्राला हात लावण्याआधी चार पावलं मागे सरका. दुसरा हात नाभीय अंतराचा. दोन मीटरवरून ८५ मिलिमीटरच्या लेन्सनं एफ/१.८ वर चेहरा टिपलात, तर हाती सहा सेंटिमीटर उरतात. मान किंचित वळलेली असेल, तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ. याच्या उलट टोकाला दिवेघाट. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी सासवडकडे निघते, तेव्हा घाटाच्या वळणांवर कॅमेऱ्यांची गर्दी उसळते. २८ मिलिमीटरची लेन्स, एफ/८, फोकस सव्वातीन मीटरच्या जरा पुढे. एवढ्यावर सुमारे १.६५ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट मिळतं. जवळून जाणाऱ्या माउलीच्या डोक्यावरच्या तुळशीची पानं आणि घाटभर वळलेली वारी, दोन्ही एकाच फोटोत. फोकसची ही मोक्याची जागा हायपरफोकल अंतर म्हणून ओळखली जाते, आणि तिच्यासाठी पुस्तकात एक अख्खं प्रकरण राखलं आहे.

इथवर तंत्र झालं. पण स्पष्टता किती असावी हा प्रश्न तंत्राच्या आधीपासून आवडीनिवडीचा आहे, आणि त्यावर हिरीरीनं पक्ष घेतले गेले आहेत. कलकत्त्यात १८१५ मध्ये जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती कॅमेरा आला तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीनं आणि जावयानं भेट दिला म्हणून. त्यांची व्यक्तिचित्रं मऊ आहेत. त्यांच्या काळातल्या जाणकारांनी त्यावरून नाकं मुरडली. फोकस जुळवताना डोळ्यांना सुंदर वाटलं तिथे आपण थांबतो, रिंग आणखी फिरवत बसत नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. दुसरा पक्ष १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभा राहिला. ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या गटाचं नावच ‘एफ/६४’ ठेवलं. मोठ्या कॅमेऱ्यांच्या लेन्सवरचं ते अतिशय बारीक छिद्र. कडेपासून कडेपर्यंत लख्ख स्पष्टता हा त्यांचा जाहीरनामाच होता.

सिनेमातही हीच दोन टोकं सापडतात. १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये छायालेखक ग्रेग टोलंड यांनी घरात कागदांवर सह्या करणारी आई आणि खिडकीपलीकडे बर्फात खेळणारा मुलगा एकाच चौकटीत स्पष्ट ठेवले. मुलाचं भवितव्य ठरतंय आणि त्याला त्याचा पत्ताही नाही, हे सांगायला संवाद लागला नाही. यासाठी प्रखर दिवे, संवेदनशील फिल्म आणि बारीक छिद्र लागलं. काही ठिकाणी तेवढ्यानंही भागलं नाही, तेव्हा एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून ती खोली साधली गेली. याउलट स्टॅनली कुब्रिकनं १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग टिपायला नासासाठी बनवलेली झाईसची ५० मिलिमीटर एफ/०.७ लेन्स वापरली. उजेड मिळाला, पण पाट इतका पातळ झाला की नटांना मोजून हालचाल करावी लागली. त्या दृश्यांमधली चित्रासारखी संथ ठेवण काही अंशी या लेन्सची देणगी आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांचा पहिला कॅमेरा मोबाइलचा असणार, म्हणून त्याच्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘माझ्या फोनलाही एफ/१.८ आहे, मग मागचं ब्लर का होत नाही?’ हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात येतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाभीय अंतर सात मिलिमीटरच्या आसपास धरलं, तर त्याच्या १.८ व्या भागाचं छिद्र जेमतेम चार मिलिमीटरचं. माझ्या ५० च्या लेन्सचं तेच छिद्र २८ मिलिमीटरचं. मागचं किती धूसर होणार हे ठरतं ते या प्रत्यक्ष भोकावरून. गंमत अशी, की आठ बाय दहा इंची निगेटिव्हच्या कॅमेऱ्यावर नेहमीची ३०० मिलिमीटरची लेन्स एफ/६४ वर आणली, तर तिचं छिद्रही पावणेपाच मिलिमीटरच्या आत येतं. कसलेल्या हातांनी ट्रायपॉड, काळं कापड आणि लांबलचक एक्स्पोजर देऊन जी सर्वदूर स्पष्टता कमावली, ती तुमच्या खिशात आयती आहे. आणि आपण करतो काय, तर पोर्ट्रेट मोड लावून फोनला ती पुसायला सांगतो. तो चेहरा कुठे संपतो याचा अंदाज बांधतो आणि पलीकडचं धुरकट करतो. सुटलेली बट, चष्म्याची काडी, झुमक्याची साखळी इथे त्याचा अंदाज चुकतो, कारण तिथे शंकू नसतो, फक्त हिशेब असतो.

आता या पुस्तकाची बाजू उघड सांगतो. अलीकडे धूसर पार्श्वभूमी म्हणजेच चांगला फोटो असं समीकरण रुळलं आहे. त्या धूसरपणाच्या पोताला जपानी भाषेतून आलेला ‘बोके’ हा शब्द आहे, आणि तो मलाही आवडतो. पण लग्नाचे, बारशाचे, मंगळागौरीचे अल्बम उलटताना मला दिसतं, की चेहरे स्पष्ट आहेत आणि घर नाहीसं झालं आहे. भिंतीवरचं कालनिर्णय, दारातली रांगोळी, कोपऱ्यात बसून दुरून बघणारी शेजारीण, सगळ्याचं मऊ पीठ झालेलं. वीस वर्षांनी अल्बम उघडणारा माणूस याच गोष्टी शोधणार आहे. पार्श्वभूमी पुसायला एक बोट पुरतं. ती चौकटीत नीट बसवायला जागा बदलावी लागते, माणसं हलवावी लागतात, उजेडाची वाट बघावी लागते. म्हणून या पुस्तकात छिद्र उघडण्यापेक्षा मिटण्यावर जास्त पानं खर्च झाली आहेत.

मिटण्यालाही मर्यादा आहे. एफ/२२ वर सगळं आणखी धारदार होईल अशी आशा धरू नका. अगदी बारीक फटीतून जाताना प्रकाश पसरतो, आणि एफ/२२ ला या पसरण्यातून होणारी चकतीच सुमारे ०.०३ मिलिमीटरची असते. जी अस्पष्टता टाळायला छिद्र मिटलं, ती मागच्या दारानं परत येते. फुल-फ्रेमवर एफ/५.६ ते एफ/११ हा बहुतेक लेन्सचा सुखाचा प्रदेश असतो. ‘एफ/६४’ गटाला ते छिद्र परवडलं, कारण त्यांच्या निगेटिव्ह प्रचंड होत्या आणि फारशा मोठ्या कराव्या लागत नसत.

पुस्तकाच्या भाषेविषयी दोन शब्द. ॲपर्चर, फोकस, शटर हे शब्द स्टुडिओत, मांडवात आणि कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलावर जसे बोलले जातात, तसेच ठेवले आहेत. पहिल्या भागात छिद्र आणि प्रकाश आहे, दुसऱ्यात अंतर आणि नाभीय अंतर. तिसऱ्या भागात लग्न, वारी, किल्ले, ताट आणि फूल अशा पाच प्रसंगांचे हिशेब आहेत. कोष्टकं शेवटी आहेत. ती पाठ करू नका.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी मात्र एक काम करा. स्वयंपाकघरातल्या पाच वाट्या टेबलावर तिरप्या रांगेत, वीतभर अंतरानं मांडा. कॅमेरा ए मोडवर घ्या, म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवाल आणि शटर कॅमेरा ठरवेल, आणि मधल्या वाटीच्या काठावर फोकस धरा. कॅमेरा कशावर तरी टेकवून एफ/१.८, ४, ८ आणि १६ वर एकेक फोटो काढा. तुमची लेन्स १.८ पर्यंत उघडत नसेल, तर तिच्या सगळ्यांत लहान आकड्यापासून सुरुवात करा. मग फोटो मोठे करून बघा, कुठली वाटी कुठल्या फोटोत जागी झाली ते वहीत लिहा, आणि शिवणाची टेप घेऊन तेवढं अंतर मोजा. तुमच्या लेन्सच्या अंतरपाटाची जाडी तुमच्याच अक्षरात लिहिली गेली, की या पुस्तकातले आकडे तुम्हाला परके वाटणार नाहीत. आणि माझा एखादा आकडा तुमच्या टेपशी जुळला नाही, तर टेपवर विश्वास ठेवा.